टवका उडालेली बशी

सन दोन हजार अठरा. मला एकाहत्तरावं चालू होतं आणि माझ्या हातातला रंधा अजून सरळ चालत होता. हे पहिल्यांदाच सांगून ठेवतो, कारण ज्या बाईंबद्दल लिहितोय त्यांनी या एका गोष्टीवर कायम शंका घेतली. बाई गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. शंका तेवढी माझ्याकडं ठेवून गेल्या.

मी टाकव्याचा सुतार. शाळा चौथीपर्यंत, त्यातलं चौथीचं वर्ष मास्तरांच्या खुर्चीचा पाय बसवण्यात गेलं. पण लोणावळ्यातल्या जुन्या बंगल्यांत जा, आणि एखादं दार न करकरता उघडलं तर समजा की ते मी बसवलंय. बाईंचं मागचं दार माझं. त्यांचं शिसवी कपाट माझं, आणि कपाटातला बल्बसुद्धा. लोणावळ्यात कपाटात बल्ब लागतोच. पावसाळाभर तो जळत ठेवला नाही तर साडीवर बुरशी, पुस्तकावर बुरशी, ठेवून दिलेल्या चपलेवर तर गवतच उगवायचं बाकी राहतं. दुसरे सुतार बल्ब वर टांगतात. मी उजव्या भिंतीत कंबरेच्या उंचीवर बसवतो, म्हणजे ऊब खालपासून वर चढते. या युक्तीबद्दल मला त्या बाजूला मान होता.

बाई एकट्या राहायच्या, तुंगार्लीच्या चढावर. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी केली, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. पूर्वी परगावी फोन लावला की बोलणं रंगात आलं असताना मधेच एक बाई सांगायची, तीन मिनिटं झाली. ती बाई म्हणजे ह्या. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "लाइन चालू आहे, बोला." आणि तुम्ही आपलं दुखणं, शेजाऱ्याची भिंत, सुनेचा स्वभाव असं काही लांबवायला लागलात की, "तीन मिनिटं झाली." म्हणजे उठायचं. एक पुढारी मत मागायला आला, त्यालाही तेच. तो म्हणाला, "बाई, अजून मुद्द्यावर आलो नाही." बाई म्हणाल्या, "मग पुढच्या निवडणुकीला तिथूनच सुरू करा."

माकडांशी मात्र आदरानं. खिडकीत माकड आलं की, "या, बसा. आपल्याला देण्यासारखं आज घरात काही नाही." आणि खरंच, माकडं जरा बसून निघून जायची. मी हाड्‌ केलं तर मलाच दटावणी. "मिस्त्री, ते तुमच्या आधीपासून राहतात इथे." साखरेच्या डब्याला कुलूप आणि पुढच्या दाराला कडीसुद्धा नाही. विचारलं तर उत्तर तयार. "चोर कधीतरी येतो. मुंग्या रोज येतात."

त्या शिसवी कपाटाची किल्ली तेवढी कायम गळ्यात. त्या कपाटात बंदूक होती.

बंदूक वडलांची. परदेशी बनावटीची, बोल्ट मागं ओढून एकेक गोळी चढवायची अशी शिकारीची रायफल. वडील डॉक्टर होते. रानडुकरं पिकात शिरली की गावंच्या गावं त्यांना बोलवायला यायची. पुढं शिकार बंद झाली, वडील गेले, परवाना बाईंच्या नावावर आला. बाईंनी त्या बंदुकीनं आयुष्यात मुंगीही मारली नव्हती. मुंग्यांवर राग असूनसुद्धा. लहानपणी वडील मागच्या माळावर भोपळा ठेवून त्यांना नेम शिकवायचे, तेवढंच. "आधी श्वास, मग बोट," हे वडलांचं वाक्य बाई कशालाही लावायच्या. सुईत दोरा ओवताना, गॅस पेटवताना, बँकेत सही करताना. एकदा मी त्यांच्या बागेतल्या विंचवाची नांगी चिमटीत धरायला निघालो तेव्हासुद्धा मागून तेच.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचा निरोप आला. गेलो. ओट्यावर जुनं धोतर अंथरून त्यावर बंदूक ठेवलेली. लोखंड चकचकीत, आणि लाकडाचा दस्ता वाळवीनं असा खाल्लेला की अंगठा दाबला तर आत जाईल.

"मिस्त्री, बंदुकीचा दस्ता करता येईल?"

"बाई, देवळाचा कळस सोडून मी सगळं केलंय."

"कळस नको. दस्ता हवा. आणि बंदूक या घराबाहेर जाणार नाही. कायदा आहे. काम इथंच, माझ्या डोळ्यांसमोर."

"नळीचं काय?"

"नळी आणि बोल्ट पुण्याच्या परवानेवाल्या कारागिराला दाखवून आणलेत. तो म्हणाला, लोखंड पुढची पिढी बघेल. लाकूड बघा."

मी म्हणालो, लाकूड आहे. माझ्या माळ्यावर अक्रोडाची एक जाड फळी वीस वर्षं पडून होती. एका पाडलेल्या बंगल्यातल्या जेवणाच्या टेबलाची. लय लोकांनी मागितली, मी दिली नाही. कशासाठी ठेवलीय ते मलाही माहीत नव्हतं. पण लाकूड कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे सुताराला कळतं.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. बाईंनी चहा आणला आणि कपबशी माझ्या पटाशीशेजारी ठेवली. निळ्या वेलबुट्टीची जुनी बशी. मी ठोकायची लाकडी मोगरी उचलली, ती बशीच्या कडेला लागली आणि नखाएवढा टवका उडाला.

"फोडलीत," बाई म्हणाल्या.

"बशी कामाच्या जागेत आली, बाई. मोगरी बशीच्या जागेत न्हाई गेली."

"म्हणजे चूक बशीची?"

"माझी न्हाई एवढं खरं."

 त्या दिवसापासून मला चहा त्याच बशीतून, आणि टवका नेमका माझ्या समोर येईल असा वळवून. रोज. एखाद्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसलो तर बशीही तिकडं वळायची.

बंदुकीचं लाकूड बसवणं म्हणजे दाराची चौकट बसवणं नव्हे. मागचा भाग घट्ट पाहिजे आणि पुढं नळी लाकडाला कुठंही चिकटता कामा नये. नळी गोळीबरोबर थरारते, तिला लाकूड एका बाजूनं टेकलं की नेम गेला. हे मला बाईंनी सांगितलं, आणि ते कसं साधायचं ते मी त्यांना सांगितलं. नळीला खालून काळं फासायचं, लाकडात दाबायची, उचलायची. जिथं काळा डाग पडेल तिथं लाकूड उंच आहे, तेवढंच खरवडायचं. परत फासायचं, परत दाबायचं.

"काळं कसलं?" बाईंनी विचारलं.

"दिव्याची काजळी."

"थांबा." त्या आत गेल्या आणि डोळ्यांत घालायच्या काजळाची चांदीची डबी घेऊन आल्या. "आईची आहे. मी कधी घातलं नाही, मला शोभत नाही. हिला शोभेल."

सगळा पावसाळा मी त्या बंदुकीला काजळ घालत होतो. बाहेर धुकं ओट्यावर चढायचं, आत बाई आरामखुर्चीत बसून भिंतीवरच्या खिळ्यावर डोळा लावून श्वास धरायचा सराव करायच्या. मधेच विचारायच्या, "किती राहिलं?" मी म्हणायचो, "लाकूड सांगंल तवा." त्यांना हे उत्तर आवडायचं नाही, म्हणून मी ते रोज द्यायचो. शेवटी एक दिवस कॅलेंडरचं पान फाडून नळी आणि लाकडाच्या मधनं ओढलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर गेलं, कुठं अडलं नाही. बाहेरून जवसाचं तेल चोळलं. अक्रोडाच्या रेषा अशा उमटल्या की बाईंनी चष्मा काढून पुसला. बंदूक कपाटात उभी केली, बल्ब लावला, किल्ली गळ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी भाचा आला. बाईंच्या भावाचा मुलगा, पुण्यात कंपनीत मोठ्या पगारावर. बाईंना आत्या म्हणायचा आणि मला आबा. मुलगा वाईट नव्हता, उलट काळजीनं पिकलेला.

"आत्या, संक्रांतीला परवान्याची मुदत संपते. या वेळी बंदूक जमा करून टाकू. तू एकटी, पुढचं दार उघडं, उद्या काही झालं तर?"

"जमा केल्यावर काय करतात तिचं?"

तो जरा घुटमळला. "मोडीत काढतात बहुतेक."

बाई म्हणाल्या, "बाबांनी मला दोन गोष्टी दिल्या. ही बंदूक आणि न घाबरणं. दुसरी कुणाला काढून घेता येत नाही, म्हणून सगळ्यांचा डोळा पहिलीवर."

"आत्या, शहात्तर वर्षांच्या बाईच्या हातात ती बंदूक चालते तरी का? नेम लागत नसेल तर ते नुसतं लोखंड आहे."

हे बोलायला नको होतं. बाई उठल्या, माझ्या हातातला कप खाली ठेवला आणि त्याची बशी भाच्यासमोर धरली. "नेमबाजीच्या क्लबचं मैदान, शंभर यार्ड, पाच गोळ्या. कागदावर ही बशी कुठेही ठेव. पाचही भोकं तिच्याखाली झाकली गेली तर हा विषय तू परत काढायचा नाहीस. नाही झाकली, तर मी स्वतः नेऊन जमा करीन."

भाच्यानं बशीकडं बघितलं, टवक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ठरलं," म्हणाला.

दिवाळी झाल्यावर आम्ही भाच्याच्या गाडीतून तळेगावच्या पलीकडं क्लबच्या मैदानावर गेलो. बंदूक टेकवायला तिथं वाळूच्या पिशव्या असतात. बाईंना त्या नको होत्या. त्यांनी उशीच्या जुन्या अभ्र्यांच्या दोन पिशव्या शिवल्या होत्या आणि माझ्याकडून इंद्रायणी तांदूळ मागवला होता. नवा, माझ्या खाचरातला. "वाळू वायाच जाते," म्हणाल्या. मैदानावरचा साहेब, निवृत्त सुभेदार, पिशवीचा वास घेऊन म्हणाला, "मावशी, इथं नेम धरायचा की पंगत मांडायची?"

"आधी नेम, मग पंगत."

खांद्याला गोधडीची घडी लावून बाई बसल्या. पाच गोळ्या झाडल्या. कागद आणला. बशी ठेवायची गरजच पडली नाही. जेवणाच्या ताटाखालीसुद्धा मावली नसती अशी भोकं विखुरली होती, आणि सगळी उजवीकडं सरकलेली.

 परतताना गाडीत मधल्या सीटवर तांदळाच्या पिशव्या पाहुण्यासारख्या बसलेल्या. कामशेत सोडल्यावर बाई म्हणाल्या, "दस्ता वाकडा आहे."

"हात हालला," मी म्हणालो.

"माझा हात?"

"माझा तर तितं नव्हताच."

भाच्यानं आरशातनं बघितलं. "आत्या, ठरलं होतं ना..."

"मुदत संक्रांतीपर्यंत आहे. तोपर्यंत लाइन चालू आहे."

 एकदा अजून, तो म्हणाला, आणि ते शेवटचं.

घरी आल्यावर मी कॅलेंडरचं पान घातलं. डावीकडं अडलं. ओढलं तर फाटलं. चेहरा मी हलू दिला नाही.

"मी सोडलं तवा पान फिरत होतं. तुमी सोता बघितलंय."

"मग लाकूड काय चालत गेलं?"

"चाललं असंल. तुमच्याच घरात होतं."

बाईंना थंडी वाजली म्हणून त्यांनी कपाट उघडलं आणि बंदुकीशेजारी घडी करून ठेवलेली शाल काढली. खांद्यावर घेतली आणि थांबल्या. परत काढली. मला म्हणाल्या, "ही हातात घ्या." घेतली. एका अंगानं तव्यावरून उतरवलेली भाकरी आणि दुसऱ्या अंगानं गार. मग आम्ही दोघांनीही कपाटात बघितलं. उजव्या भिंतीत, कंबरेच्या उंचीवर, जिथं दस्त्याचं पुढचं टोक यायचं तिथं, बल्ब निवांत जळत होता. उजवी कड सुकली, आकसली, लाकूड तिकडं वळलं आणि डावी कड येऊन नळीला टेकली. साडीला काही होत नाही, साडी वळत नाही.

"बल्ब तिथे कुणी बसवला?" बाईंनी विचारलं.

"मी. दिवाळी झाली तरी जळत कुणी ठेवला?"

"मी."

 खिडकीतलं माकड बराच वेळ एकदा बाईंकडं, एकदा माझ्याकडं बघत होतं.

"तीन मिनिटं झाली," बाई म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.

बल्ब विझला. कपाटाचं दार दिवसभर उघडं आणि बाई शेजारी खुर्ची टाकून राखणीला, असं कितीतरी दिवस चाललं. लाकूड वाऱ्यानं जरा परतलं, उरलेलं मी काजळ घालून खरवडलं. या खेपेला जवसाचं तेल आतूनही पाजलं, म्हणजे पुढं ओल आणि ऊब दोन्ही बाहेरच राहतील. बाईंनी विचारलं, "हे आधी का नाही केलंत?" मी म्हणालो, "आधी गरज नव्हती. आधी बल्बची गोष्ट तुमी मला सांगितली नव्हती." त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. कागद पुन्हा सरसर जायला लागला. रोज सकाळी जाऊन मी तो ओढून बघायचो. घरून माझी बायको म्हणायची, "त्या बंदुकीचा पाळणा तरी करा एक."

संक्रांतीच्या आधी परत मैदान. त्याच पिशव्या, तोच तांदूळ. त्या दिवशी मी बाईंच्या उजव्या हाताला उभा होतो. ह्यांची बंदूक मोडीत जाणार असेल तर माझी अक्रोडाची फळीही तिच्याबरोबर जाणार होती, आणि त्याहून वाईट म्हणजे लोक म्हणणार होते की दस्ता टाकव्याच्या सुतारानं केला होता.

पहिली गोळी. दुसरी. बाई मधे नळी थंड होऊ द्यायच्या, तेवढ्यात सुभेदाराला त्याच्या गुडघ्यावर औषध सांगायच्या. तिसरी. चौथी. सुभेदारानं दुर्बिणीतनं बघितलं आणि नुसत्या भुवया वर केल्या. पाचव्या गोळीला बाई इतका वेळ थांबल्या की भाचा माझ्या कानात म्हणाला, "आबा, झोपली की काय?"

"आधी श्वास," मी म्हणालो.

मग बोट.

कागद टेबलावर आला. चार भोकं अशी जवळजवळ की पिंपळाच्या एका पानानं झाकली जावीत. पाचवं उजवीकडं जरा सुटलेलं. बाईंनी पिशवीतनं बशी काढली, पदरानं पुसली आणि हळूच ठेवली. चार गेली. पाचवं उजव्या कडेतनं अर्धं डोळा मिचकावल्यासारखं बाहेर. बशी उजवीकडं सरकवली तर डावीकडचं एक उघडं पडायचं. परत जागेवर आणली, परत तेच अर्धं भोक. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. सुभेदार घसा खाकरून लांब गेला.

"अर्धं बाहेर आहे," बाई म्हणाल्या. "ठरलं ते ठरलं."

भाचा वाकून बघत होता. तो मोठ्या पगाराचा माणूस, दिवसभर बारीक बारीक चुका हुडकायच्या हेच त्याचं काम. त्यानं बोटानं बशीची कड चाचपली. टवका. सवयीनं बाईंनी टवका माझ्या बाजूला वळवून ठेवला होता, आणि मी उभा होतो उजवीकडं. पाचवं भोक बरोबर त्या टवक्यातनं बघत होतं.

त्यानं बशी जागच्या जागी अर्धी फिरवली. टवका डावीकडं गेला, तिकडं भोक नव्हतं. उजवीकडची धड कड पाचव्या भोकावरनं सरकली आणि कागद कोरा झाला.

"बशी फिरवायची नाही असं काही ठरलं नव्हतं, आत्या," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. "मिस्त्री, तुमच्यामुळे गेली असती."

"टवका मी न्हाई, बशीनं..."

"पुरे. तीन मिनिटं झाली."

सुभेदारानं परत येऊन बशी उचलली, ठेवली, आणि भाच्याच्या पाठीत अशी थाप मारली की त्याचा चष्मा कागदावर पडला. त्याच संध्याकाळी बाईंनी दोन्ही पिशव्या उसवून तांदूळ धुतला आणि मसालेभात टाकला. भाचा तीनदा वाढून घेऊन म्हणाला, "आत्या, भाताला दारूचा वास येतोय."

"गोळीच्या दारूचा. तो चालतो," बाई म्हणाल्या. जेवताना त्यानं पुढच्या दाराला एक कडी तरी लावून घे म्हणून विनवलं. तेवढं बाईंनी मान्य केलं, पण कडी कुणी बसवायची ते सांगून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कडी आणि पेचकस घेऊन टाकव्याहून पहिल्या जीपनं निघालो. दार वाजवलं. लाइन चालू होती. आधी कपाटातला बल्ब उजव्या भिंतीतनं काढला आणि वर टांगला, दुसरे सुतार टांगतात तसा. बाईंनी बघितलं. मग चहा आणला. तीच निळी बशी, पण आज टवका त्यांनी स्वतःच्या बाजूला वळवून ठेवला होता. मी कप उचलला, बशी अर्धी फिरवून टवका माझ्यासमोर घेतला आणि चहा प्यालो.